घाटी की घाट

राहुरीहून नगर-मनमाड रस्त्याला लागलं की खाली विळद घाट आणि वर, कोल्हारवरून आत वळून, लोणी. दोन्हीकडं मेडिकल कॉलेज. रस्ता बरा असेल तर दोन्हीकडं तासाच्या आत पोचता येतं, आणि हा रस्ता बरा कधी असतो हे नगर जिल्ह्यात कुणी कुणाला विचारत नाही. माझ्या बहिणीची वस्ती या दोहोंच्या मधोमध, उसात. 2025 च्या पावसाळ्यात भाचीचं नाव राज्याच्या गुणवत्ता यादीत लागलं, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली, तेव्हा लॅपटॉपसकट मला बोलावणं आलं. मी शाळामास्तर. कुणाचाही कसलाही फॉर्म भरून देणं हे मास्तरचं काम, असं दाजींचं पक्कं मत आहे.

ओसरीवर बहीणभाऊ समोरासमोर बसलेले होते. दाजी, म्हणजे पोरीचे वडील, आणि त्यांच्या थोरल्या भगिनी आक्का. आक्कांनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून काढली, त्यातली निम्मी लेबर रूममध्ये. मधे प्लॅस्टिकची फाइल: नीटचं स्कोअरकार्ड, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणीचा दाखला. त्या शेवटच्या दाखल्यासाठी दाजींनी नगरच्या किती खेपा केल्या ते मी तीनदा ऐकलं आहे, इथं सांगत नाही.

दाजींच्या हातात चार पानांची छापील यादी होती. शहरातल्या एका काउन्सेलरनं रोख पैसे मोजून घेऊन दिलेली. गेल्या वर्षी ज्या कॉलेजचा कट-ऑफ सगळ्यांत जास्त ते वर, कमी ते खाली, आणि पोरीच्या मार्कांपाशी पिवळी रेघ. रेघेच्या वरची नावं टाकू नका म्हणाला, फॉर्म वाया जातो.

"आणि तू ऐकलंस?" आक्का म्हणाल्या.

"पैसे दिलेत म्हटल्यावर ऐकायला नको?"

इथं मला मधे पडावंच लागलं. म्हटलं, "दाजी, रेशनच्या रांगेसारखं आहे बघा. मेरिटप्रमाणं पोरीचा नंबर आला की कॉम्प्युटर तिची यादी वरून खाली वाचत जातो. जिथं तिच्या वाट्याची पहिली मोकळी जागा दिसेल, ती देतो. वर न मिळणारं नाव टाकलं म्हणून खालचं कुणी काढून घेत नाही. यादी आपल्या मनासारखी लावायची, अंदाजानं नाही."

"मग त्यानं रेघ कशाला मारली?"

"रेघ मारली नसती तर तुम्ही पैसे कशाचे दिले असते?"

त्या रेघेतही एक खोट होती. ती मार्कांवर मारलेली होती. 2024 च्या नीटमध्ये सुरुवातीला 67 जणांना 720 पैकी 720 पडले होते; 2025 ला पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686. गेल्या वर्षीचे मार्क यंदाला लावणं म्हणजे मागच्या पावसावर यंदाची पेरणी. बघायचाच असेल तर रँक बघावा, आणि तोही नुसता अदमास घ्यायला.

दाजींनी यादी घडी करून बाजूला ठेवली. पण त्यांचं खरं म्हणणं यादीत नव्हतंच.

"हे बघ आक्का, मला कट-ऑफ कळत नाही. मला एवढं कळतं की इथून विळद घाट तासाभरावर आहे. पोरगी शनिवारी घरी येईल, सोमवारी जाईल. आजारी पडली तर मी गाडी काढून पोचेन. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, साडेपाच वर्षं पोरगी डोळ्यांसमोर राहील. यात वाईट काय?"

"वाईट काहीच नाही. पण डॉक्टर कुणाला करायचंय? तिला की तुझ्या जिवाला?"

"तू बोलशील गं. कोलकात्याला ड्यूटीवरच्या डॉक्टर पोरीचं काय झालं ते वाचलंस ना ऑगस्टात, 2024 च्या?"

आक्का जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचलं. रात्रपाळ्या मीही केल्यात. पण ते कुठं झालं? आडवळणाच्या गावात? आर. जी. कर 1886 चं कॉलेज आहे, भर शहरातलं. तेव्हा लांब-जवळ हे मोजमाप इथं लागू पडत नाही, बाबा. विचारायचं असेल तर असं विचार: हॉस्टेल आवारात आहे का? वॉर्डापासून हॉस्टेलपर्यंत दिवे आहेत का? ड्यूटीवरच्या पोरींना झोपायला कडी लागणारी खोली आहे का? हे विळदलाही विचार आणि घाटीलाही."

घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय महाविद्यालय, 1956 चं. नगरकरांच्या तोंडी ते कॉलेज म्हणून कमी आणि 'शेवटचा दवाखाना' म्हणून जास्त येतं. इथल्या डॉक्टरनं हात टेकले की एक तर पुण्याच्या ससूनला न्यायचं, नाहीतर घाटीला. नगर शहरातून दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर. आणि तरीही कित्येक वर्षं नगरच्या पोरांना घाटी दूर होती, कारण 70:30 चा नियम. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे राज्याचे तीन तुकडे. ज्या विभागात शिकलात तिथल्या 70 टक्के जागा तुमच्या, बाकी 30 टक्के सगळ्यांना. नगर जिल्हा 'उर्वरित'मध्ये. शेवगावच्या पोरीला पैठण शेजारच्या गावासारखं, पण रांग मुंबई-पुण्याच्या पोरांबरोबर. दाजींच्या पुतण्याची घाटी अशीच हुकली होती. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं तो नियम काढून टाकला. दाजींच्या डोक्यातून तो अजून निघालेला नाही.

"घाटी आपल्याला लागत नसते," ते म्हणाले.

"लागत नव्हती," आक्कांनी दुरुस्ती केली. "आता मेरिटात बसलं तर लागते."

"बरं, लागली. पण तिथं शिकवायला वेळ कुणाला असतो? एका खाटेवर एक, खाली गादीवर एक. मास्तर पेशंट बघणार की पोरं?"

मला वाटलं आक्का उसळतील. त्यांनी उलट मान डोलावली.

"खरंय. मोठ्या दवाखान्यात इंटर्न म्हणजे हमाल. रक्ताच्या बाटल्या पोचव, रिपोर्ट आण, सलाईन लाव. बाळंतपण करायला पुढं पीजीच्या पोरी असतात, इंटर्नला हात लावायला मिळेलच असं नाही. मी पाहिलंय. पण बाबा, बघायला तर मिळतं. एका रात्रीत आठ बाळंतपणं, त्यात एक आडवं मूल, एकीला झटके. पुस्तकात झटके वाचणं निराळं आणि दात आवळलेली बाई बघणं निराळं. मी काही डॉक्टर नाही. पण चौतीस वर्षांत ज्या डॉक्टरांच्या हाताला यश पाहिलं ते सगळे गर्दीतून आलेले होते. ज्या कॉलेजच्या ओपीडीत सकाळी दहाला उभं राहायला जागा नसते, ते वर टाका. ज्याच्या ओपीडीच्या फरशीत तोंड दिसतं ते खाली."

हे मोजमाप मला पटलं, आजही पटतं. कट-ऑफ एवढंच सांगतो की गेल्या वर्षी पोरांना कुठं जावंसं वाटलं. आणि पोरांना कुठं जावंसं वाटतं यात शहर असतं, मॉल असतो, मोठ्या भावाचा मित्र असतो. रोगी कुठं आहेत याचा त्या आकड्याशी संबंध असला तर असला.

पण दाजी हुशार माणूस. त्यांनी आक्कांचाच धागा पकडून उलटा ओढला.

"मग जामखेडच्या आरोळ्यांचं काय? ते काय घाटीत शिकले होते?"

आरोळे दांपत्य म्हणजे नगर जिल्ह्यात डॉक्टरकीच्या गप्पांचा शेवटचा थांबा. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले. ते आणि मेबल दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. तिथून आधी वडाळा मिशनच्या दवाखान्यात, मग अमेरिकेत, आणि 1970 मध्ये जामखेडला. दुष्काळी तालुका. तिथं त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती, आणि त्यांना बाळंतपण, जुलाब, लसी, कुपोषण हे सगळं शिकवून आरोग्यसेविका केलं. 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं.

"हेच तर म्हणते," आक्का म्हणाल्या. "वेल्लोर म्हणजे मुलखाच्या पार दुसऱ्या टोकाला. लांब जाऊन शिकले, मग घरी आले."

"अन् मी काय म्हणतो? कामाला उपयोगी पडलं ते वेल्लोरचं कॉलेज का जामखेडच्या अडाणी बाया? कॉलेज कुठलंही असू दे, माणूस खरं शिकतो ते नंतर."

दोघंही एकाच माणसाचा दाखला देत होते आणि दोघांचंही खोटं नव्हतं. मोठी माणसं दाखल्याला घेतली की असंच होतं, ज्याला जे हवं ते त्यांच्यात सापडतं. मी चहा मागवला.

चहाबरोबर पैशाचा विषय आला, आणि इथं दाजींनी माझ्याकडं पाहिलं. "पाहुणं, नीट सांगा. विळदचं अन् लोणीचं, दोन्ही प्रायव्हेटच ना?"

खासगी दोन्ही, पण सारखी नाहीत. आणि हा फरक ज्यांना माहीत नाही अशी शिकलेली घरंही मी पाहिली आहेत. विळद घाटचं कॉलेज खासगी आहे, पण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेलं. त्याची जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळते. लोणीचं प्रवरा हे अभिमत विद्यापीठ. 1984 चं ग्रामीण कॉलेज, 2003 पासून अभिमत, हजारावर खाटांचं रुग्णालय, आसपासचे तालुके त्याच्यावर विसंबलेले. रोगी बघायचे म्हटले तर आक्कांच्या परीक्षेत ते सहज पास होईल. पण तिथला प्रवेश दिल्लीच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडून, म्हणजे एमसीसीकडून, वेगळ्या वेबसाइटवर, अन् नोंदणीलाच दोन लाख अनामत.

आणि त्याहून मोठा फरक मुलींच्या फीचा. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. अभिमत विद्यापीठं मात्र त्यातून वगळलेली. म्हणजे ज्या पोरीला विळद फीच्या दृष्टीनं सरकारीच्या जवळपास पडू शकतं, तिलाच लोणीला वर्षाला वीस लाखांच्या आसपासची भाषा ऐकावी लागते. वसतिगृह, मेस, बाकीचे खर्च कुठंही गेलं तरी आपल्याच खिशातून.

"म्हंजे विळद फुकट," दाजी ताठ बसले. "मग आता सांग आक्का, सरकारी कशाला? वर सरकारीचा एक वर्षाचा बाँड. कुठल्या तरी आरोग्य केंद्रावर पोरगी टाकतील."

"टाकू देत की. तिथंच हात चालतो."

"अन् ही नवी कॉलेजं? 2024 ला एका दमात दहा काढली. हिंगोली, वाशिम, गडचिरोली. जिल्हा रुग्णालयावर दुसरी पाटी लावली की झालं मेडिकल कॉलेज. तपासणी आली की प्राध्यापक इकडून तिकडं न्यायचे, हे मी नाही, पेपरवाले लिहितात. तुझी गर्दी आहे तिथं, शिकवणारा कुठाय?"

यावर आक्कांकडं लगेच उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, नवं म्हणजे सगळं एकसारखं नाही. बारामती 2019 चं, नंदुरबार 2020 चं. पहिली तुकडी बाहेर पडलेलं कॉलेज आणि अजून जागा शोधत असलेलं कॉलेज यांत फरक करायला हवा. नव्या ठिकाणी पीजीची पोरं नसतात किंवा कमी असतात, म्हणून इंटर्नच्या हाताला काम मिळतं, हेही खरं. पण पहिल्या वर्षाला शरीररचनेच्या टेबलावर देह किती पोरांत एक असतो, शरीरक्रियाशास्त्राला कायमचा माणूस आहे का, हे तिथं शिकणाऱ्या पोरांनाच फोन करून विचारावं लागेल.

"थोडं थांबलो असतो तर नगरलाच झालं असतं," दाजी हळहळले. मे 2025 मध्ये चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक झाली, त्यात अहिल्यानगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली, अहिल्यादेवींच्या नावानं. ज्या जिल्ह्यात दोन मोठी खासगी रुग्णालयं उभी राहिली तिथं सरकारी कॉलेज यायला एवढी वर्षं का लागली, हा वेगळ्या लेखाचा विषय.

"मंजुरी मिळाली म्हणजे वर्ग भरला नाही," आक्का म्हणाल्या. "तोवर पोरीला काय कांदे निवडायला बसवतोस?"

पोरगी इतका वेळ उंबऱ्यावर वही घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, मी घाटी बघून आले."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. मैत्रिणीची आजी अॅडमिट होती ना, डबा द्यायला गेलो. एसटीनं गेलो, एसटीनं आलो. मम्मीला माहितीये."

दाजींनी माझ्या बहिणीकडं पाहिलं. ती आत गेली.

"काय बघितलंस?" आक्कांनी विचारलं.

"व्हरांड्यात माणसं झोपलेली. वास. एक इंटर्न ताई होती, तिच्या तळहातावर पेनानं बेड नंबर लिहिलेले, त्यातले निम्मे खोडलेले. मी विचारलं, कसं आहे. ती म्हणाली, पहिल्या वर्षाला कुठंही जा, पुस्तकंच आहेत. नंतर इथं अर्धा दिवस रिपोर्टमागं पळण्यात जातो आणि उरलेल्या अर्ध्यात जे दिसतं ते दुसरीकडं वर्षात दिसणार नाही. सुट्टीत घरी गेली की सलग दोन दिवस झोपते म्हणाली."

"अन् तुला?"

"मला भीती वाटली," पोरगी म्हणाली. "पण यादीत पहिलं तेच टाकायचंय. ससूनच्या आधी."

काउन्सेलरच्या कागदावर पुण्याचं बी. जे., म्हणजे ससूनचं कॉलेज, घाटीच्या बरंच वर होतं. त्यानं हे पाहिलं असतं तर पैसे परत केले असते. मी टाइप केलं: घाटी, मग बी. जे., मग अंबाजोगाई.

"अंबाजोगाई?" दाजी म्हणाले. "ते कशाला?"

याचं उत्तर आक्कांनी दिलं. "आठवतंय का, कोरोनाच्या आधीच्या हंगामात फडातल्या कोपीत बाई अडली होती? कळा सुरू झाल्या तरी मोळ्या वाहत होती. मी रजेवर आले होते म्हणून निभावलं. कंदिलाच्या उजेडात नाळ कापली. कुठली होती ती?"

"केजची."

"त्या बाया सहा महिने आपल्या उसात असतात आणि सहा महिने त्यांच्या गावी. तिकडं दुखलं-खुपलं की जातात ते अंबाजोगाईच्या दवाखान्यात. 1974 चं कॉलेज आहे ते, खेड्यातल्यांसाठी काढलेलं. तुझा ऊस ज्यांनी तोडला त्यांच्यावर तुझी पोरगी शिकेल."

दाजी काही बोलले नाहीत. अंबाजोगाई तिसऱ्या नंबरला राहिलं.

त्यानंतर सोलापूर आणि मिरज यायला वेळ लागला नाही. सोलापूरला पेशंट तेलुगू नाहीतर कानडी बोलला तर काय करायचं, यावर थोडी चेष्टा झाली. मग धुळे, लातूर, बारामती. खरी अडचण पुढं आली: विळद घाट वर की नंदुरबार? दाजींचं म्हणणं, जुनी सरकारी झाली, आता घरचं येऊ द्या. हायवेवरचे अपघात विळदला येतातच, पेशंट काही कमी नाहीत. आक्कांचं म्हणणं, नंदुरबारला सिकलसेल आहे, कुपोषण आहे, भिलीत आणि पावरीत आजार सांगणाऱ्या बाया आहेत. डॉक्टर व्हायचं तर तिथं. पाऊण तास यावरच गेला. मधे लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी 20 टक्क्यांवर आली, तरी कुणी मागं हटेना.

मला विचाराल तर मी विळद वर ठेवलं असतं. आक्कांच्या वयाच्या माणसाला नंदुरबारचं आकर्षण वाटणं सोपं आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं धुळ्याच्याही पुढं, ओळखीचं कुणी नसताना, नव्या कॉलेजात पहिलं वर्ष काढायचं, तर शिक्षक किती आहेत हे कळेपर्यंत तरी जवळचं बरं. हे मी बोललो. आक्का म्हणाल्या, "मामा, तुम्हीपण मास्तरच." मी गप्प बसलो.

पोरीनं माउस माझ्या हातातून घेतला. विळद घाट नवव्या नंबरला ठेवलं, नंदुरबार दहाव्या. मग थोडं थांबून विचारलं, "मामा, दुसऱ्या फेरीत हे बदलता येतं ना?"

येतं, म्हटलं. पण दुसऱ्या फेरीत वरचं लागलं की पहिल्या फेरीतलं आपोआप जातं. तेव्हा जे खरंच जास्त हवं असेल तेच वर ठेवायचं, आणि मिळालेलं पुरे वाटलं तर रिटेन्शनचा फॉर्म भरून तिथंच थांबायचं. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून सेलची माहिती पुस्तिका मी शेवटपर्यंत वाचली होती. घरात तेवढं कुणी वाचलं नव्हतं, काउन्सेलरनंही नसावं.

रात्री अकराला फॉर्म लॉक केला. यादीत चौदा नावं होती. गडचिरोली आणि हिंगोली त्यात नव्हती, कारण लागलं तरी पाठवणार नाही असं दाजींनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि जिथं जायचं नाही ते नाव टाकू नये. लोणीही नव्हतं. त्याचा फॉर्म वेगळ्या साइटवर भरायचा असतो, आणि तो भरायचा नाही यावर मात्र बहीणभावाचं पहिल्या पाच मिनिटांतच एकमत झालं होतं.